उंचीने लाट कळत नाही

पावसाळा सुरू झाला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत उधाणाच्या दिवसांची यादी येते आणि तिच्यासोबत एक आकडाही येतो: अमुक दिवशी दुपारी साडेचार मीटरहून उंच लाटा उसळणार. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दीड मजल्याएवढी पाण्याची भिंत उभी राहते. प्रत्यक्षात तो आकडा लाटेचा नसतोच, तो भरतीचा असतो. नौकानयनाच्या नकाशांसाठी समुद्राची एक आधारपातळी ठरवलेली असते, जिच्याखाली ओहोटीचे पाणी सहसा उतरत नाही. तिथपासून मोजलेली ही पाण्याची पातळी. मुंबईत समुद्राची सरासरी पातळीच या आधाररेषेच्या सुमारे अडीच मीटर वर असते. म्हणजे साडेचार मीटरची भरती सरासरीपेक्षा जेमतेम दोन मीटर वर, आणि तीही सहा तास हळूहळू चढत येणारी. वारा पडलेला असेल आणि समुद्र आरशासारखा असेल, तरी त्या दिवशी पाणी तिथवर येणारच. त्या पाण्यावर लाटा एक मीटरच्या असतील की तीन मीटरच्या, हे त्या आकड्यातून कळत नाही. (भरती हीसुद्धा शास्त्राच्या भाषेत एक लाटच आहे, बारा तास पंचवीस मिनिटांनी येणारी. पण बातमी देणाऱ्यांच्या मनात तो अर्थ असेल असे वाटत नाही.)

ही चूक सुधारणे सोपे आहे. तिच्या मुळाशी असलेली समजूत मात्र अधिक खोल रुजलेली आहे, आणि ती फक्त वाचकांची किंवा वार्ताहरांची नाही. लाट म्हटले की आपण पहिला प्रश्न विचारतो, किती उंच? समुद्रात भिंत, धक्का किंवा तेलविहिरीचा फलाट उभारणाऱ्या अभियंत्यांनीही शंभरेक वर्षे मुख्यतः हाच प्रश्न विचारला, आणि त्याची जबर किंमत मोजली. उंची दिसते, मोजता येते, लक्षात राहते, म्हणून ती पुढे येते. पण लाट काय करील हे ठरवणाऱ्या गोष्टींत तिच्या बरोबरीची, काही ठिकाणी तर तिच्याहून वरचढ गोष्ट आहे ती वेळ. एक माथा गेल्यानंतर दुसरा माथा यायला किती सेकंद लागतात, तो लाटेचा आवर्तकाल. अभियांत्रिकीतला लाटांचा अभ्यास म्हणजे बऱ्याच अंशी उंचीवरून नजर काढून या सेकंदांकडे वळवण्याचा इतिहास आहे, असे मला वाटते.

खोल समुद्रात लाट पुढे जाते तेव्हा पाणी तिच्याबरोबर जात नाही. शेतातल्या उभ्या पिकावरून वाऱ्याची झुळूक सरकावी, रोपे मात्र मुळाशीच राहावीत, तसेच हे. पाण्याचा प्रत्येक कण जागच्या जागी जवळजवळ वर्तुळात फिरतो. माथा येताना वर आणि पुढे, खळगा येताना खाली आणि मागे. खोलीबरोबर हे वर्तुळ झपाट्याने लहान होत जाते. दोन माथ्यांमधले अंतर म्हणजे तरंगलांबी धरली, तर तिच्या निम्म्या खोलीवर वर्तुळ पृष्ठभागावरच्या वर्तुळाच्या चार-साडेचार टक्केच उरते. म्हणजे तिथे लाट जवळपास संपलेली असते. इंग्लंडचे राजखगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी १८४० च्या दशकात या गतीचे जे गणित मांडले, ते आजही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला पहिल्यांदा शिकवले जाते. त्यातून निघणारा एक नियम तोंडी लक्षात ठेवण्यासारखा आहे: खोल पाण्यात तरंगलांबी म्हणजे आवर्तकालाचा वर्ग गुणिले १.५६ मीटर. तीन सेकंदांची लाट १४ मीटर लांब, दहा सेकंदांची १५६ मीटर, पंधरा सेकंदांची ३५१ मीटर. यात उंची कुठेही येत नाही. दोन मीटर उंचीची तीन सेकंदांची लाट आणि दोन मीटर उंचीची पंधरा सेकंदांची लाट, दोन्हींना आपण दोन मीटरची लाट म्हणतो. पहिली तर खोल पाण्यातली चढणीची मर्यादाच गाठून बसलेली असते. १८९३ मध्ये जॉन मिशेल यांनी दाखवले की लाटेची उंची तिच्या लांबीच्या सुमारे एक सप्तमांशापलीकडे जाऊ शकत नाही, त्याआधीच ती फुटते. ही लाट सात मीटर खाली जाणवतही नाही. दुसरी मात्र पावणेदोनशे मीटर खोल तळाला स्पर्श करू लागते आणि ताशी ८० किलोमीटरहून अधिक वेगाने धावते. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवरच्या ‘बॉम्बे हाय’ तेलक्षेत्रात पाण्याची खोली ७५ मीटरच्या आसपास आहे. तीन सेकंदांच्या लाटेच्या लेखी तो अथांग सागर, पंधरा सेकंदांच्या लाटेच्या लेखी तळ जाणवणारे पाणी.

यावर एक आक्षेप लगेच येईल, आणि तो रास्त आहे. लाटेची ऊर्जा तर उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, उंची दुप्पट झाली की ऊर्जा चौपट. मग उंचीला कमी कसे लेखायचे? कमी लेखायचे नाहीच. दोन मीटर उंचीच्या लाटेत समुद्राच्या प्रत्येक चौरस मीटरमागे सुमारे ५,००० ज्यूल ऊर्जा असते, मग आवर्तकाल कितीही असो. पण ती ऊर्जा भिंतीपर्यंत किती वेगाने पोचते, हे आवर्तकालावर ठरते. खोल पाण्यात ऊर्जा माथ्याच्या निम्म्या वेगाने प्रवास करते. तीन सेकंदांच्या लाटेत हा वेग सेकंदाला सव्वादोन-अडीच मीटर, पंधरा सेकंदांच्या लाटेत पावणेबारा मीटरच्या आसपास. उंची तीच, पण किनाऱ्याच्या दर मीटरवर दर सेकंदाला ओतली जाणारी ऊर्जा पाचपट. उंची लाटेकडची पुंजी सांगते, ती पुंजी कोणत्या हिशेबाने खर्च होणार हे सेकंद सांगतात.

हे सेकंद येतात कुठून? वारा पाण्यावर जितका जोरात, जितका वेळ आणि जितक्या लांबवर घासत राहतो, तितक्या लाटा मोठ्या होतात आणि लांबही. वारा थांबल्यावर आखूड लाटा लवकर विरतात, लांब लाटा मात्र चालत राहतात. अरबी समुद्रात याची तीन ठळक रूपे दिसतात. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी उठवलेल्या पावसाळी लाटा कोकण-गोव्यासमोरच्या खुल्या समुद्रात तीन-चार मीटरपर्यंत जातात. उरलेल्या वर्षात हाच समुद्र बहुधा एक मीटरच्या आसपास असतो. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला इराणच्या आखाताकडून वाहणाऱ्या शमाल वाऱ्यांच्या लाटा वायव्येकडून रत्नागिरी आणि गोव्यापर्यंत पोचतात. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यांचा माग काढला आहे. तिसऱ्या लाटा सर्वांत दूरच्या. दक्षिण हिंदी महासागरात, चाळीस-पन्नास अक्षांशांच्या पट्ट्यात वादळ होते. तिथली पंधरा सेकंदांची ऊर्जा दिवसाला सुमारे हजार किलोमीटर कापत सात हजार किलोमीटरवरच्या आपल्या किनाऱ्याला आठवडाभराने येऊन भिडते. आकाश निरभ्र, वारा नाही, आणि समुद्र अचानक आत येतो. केरळात याला ‘कल्लकडल’ म्हणतात, म्हणजे चोर समुद्र. नाव अचूक आहे, कारण चोराप्रमाणेच ही लाट आधी दिसत नाही. खोल पाण्यात तिची उंची अर्धा-एक मीटर असते आणि लांबी तीन-चारशे मीटर. होडीत बसलेल्याला ती जाणवतही नाही.

खऱ्या समुद्रात हे सगळे प्रकार एकमेकांवर चढलेले असतात, म्हणून लाटेची उंची या शब्दालाच एक ठरावीक अर्थ द्यावा लागला. दुसऱ्या महायुद्धात हाराल्ड स्वेर्ड्रुप आणि वॉल्टर मंक यांनी लाटांचा अंदाज बांधण्याची जी पद्धत तयार केली, ती १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवताना वापरली गेली. तिच्यातून आलेली कल्पना अशी की सर्व लाटांपैकी सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी घ्यायची. अनुभवी खलाशी नजरेने जी उंची सांगतो, तिच्या जवळपास हा आकडा येतो. आज हवामानाच्या इशाऱ्यात लाटा चार मीटर असे म्हटलेले असते तेव्हा ही सरासरी अभिप्रेत असते, चार मीटर ही कमाल मर्यादा नसते. मायकल लाँगेट-हिगिन्स यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या संख्याशास्त्रानुसार हजार लाटांमध्ये एखादी या सरासरीच्या १.८६ पट असणे अपेक्षित आहे. दहा सेकंदांच्या हिशेबाने तीन तासांत हजारावर लाटा येतात. म्हणजे चार मीटरच्या समुद्रात दर तीन तासांनी सात-साडेसात मीटरची एक लाट येणे हा अपघात नव्हे, तो नियम आहे. १ जानेवारी १९९५ रोजी उत्तर समुद्रातल्या नॉर्वेच्या ड्राउप्नर फलाटावर लेझरच्या उपकरणाने सुमारे २५.६ मीटरची लाट टिपली, तेव्हा ही सरासरी बारा मीटरच्या आसपास होती. खलाशांच्या गप्पा म्हणून सोडून दिलेल्या राक्षसी लाटांना त्या दिवशी पहिल्यांदा यंत्राची साक्ष मिळाली. आणि ती लाट आली कशी, तर वेगवेगळ्या आवर्तकालांच्या लाटांचे माथे क्षणभर एका जागी जुळले असावेत. इथेही उंची हे फळ आहे, खेळ सेकंदांचा आहे.

आता ज्यांनी लाटेशी दगडाने सामना केला त्यांच्याकडे वळू. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे घराणे स्कॉटलंडमध्ये दीपगृहे बांधणारे. त्याचे वडील टॉमस स्टीव्हन्सन यांनी १८४० च्या दशकात स्प्रिंग लावलेले एक साधे यंत्र खडकांवर बसवून लाटेचा मारा मोजायला सुरुवात केली. एका आघातात त्यांना दर चौरस मीटरवर सुमारे २९ टन एवढा जोर आढळला. लाटेचा मारा मोजणारा हा माणूस, आणि पुढे त्याच्याच हाताखाली उत्तर स्कॉटलंडमधल्या विक इथे ब्रेकवॉटरचे काम चालू होते. ब्रेकवॉटर म्हणजे बंदराच्या तोंडाशी लाटा अडवायला समुद्रात घातलेला बांध. डिसेंबर १८७२ च्या वादळात त्याच्या टोकाचा, खालच्या दगडांना लोखंडी गजांनी जखडलेला, सुमारे १,३५० टनांचा एकसंध तुकडा समुद्राने उचलून बाजूला टाकला. त्याच्या जागी २,६०० टनांचा ठोकळा बसवला गेला. १८७७ मध्ये तोही गेला. शेवटी ते काम सोडून द्यावे लागले. तरुण रॉबर्ट वडिलांच्या इच्छेखातर अभियांत्रिकी शिकत असताना काही काळ विकला राहिला होता. पुढे त्याने साहित्याची वाट धरली, ती धरण्यामागे विकच्या समुद्राचा किती वाटा होता हे त्याचे चरित्रकार ठरवोत.

विकपासून अभियंत्यांनी घ्यायचा तो धडा अर्धाच घेतला. ठोकळे एकसंध जखडण्यापेक्षा सुटे, उताराने रचलेले दगड बरे, कारण त्यांच्या फटींत लाट स्वतःच दमून जाते. हे बरोबर होते. पण दगड किती वजनाचा, याचे उत्तर पुन्हा उंचीतच शोधले गेले. स्पेनचे रामोन इरिबारेन यांनी १९३८ मध्ये आणि अमेरिकेचे रॉबर्ट हडसन यांनी १९५० च्या दशकात दिलेली सूत्रे जगभर वापरली गेली. हडसनच्या सूत्रात दगडाचे वजन लाटेच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. लाट पंचवीस टक्क्यांनी उंच धरली तर दगड जवळपास दुप्पट वजनाचा लागतो. सूत्र सुटसुटीत, हिशेब सोपा. पण त्यात आवर्तकाल नाही. वादळ किती तास चालेल, म्हणजे एकूण किती लाटा आपटतील, तेही नाही. एवढ्या मोठ्या दगडांची खाण मिळणे अवघड, म्हणून काँक्रीटचे एकमेकांत अडकणारे आकार निघाले. फ्रान्समध्ये १९५० मध्ये टेट्रापॉड आला. मरीन ड्राइव्हच्या कठड्यापलीकडे पडलेले चार पायांचे राखाडी ठोकळे ते हेच. पुढे दक्षिण आफ्रिकेत ‘डोलोस’ आला, दोन टोकांना आडवे पाय असलेला, कमरेत बारीक. तो एकमेकांत इतका घट्ट गुंतायचा की सूत्रानुसार कमी वजनात काम भागायचे.

पोर्तुगालमधल्या सिनेश बंदराचा ब्रेकवॉटर या आत्मविश्वासाचे शिखर होता. काही ठिकाणी पन्नास मीटरपर्यंत खोल पाणी, आणि त्यावर ४२ टनांचे हजारो डोलोस. रचना अकरा मीटरच्या लाटांसाठी केलेली, म्हणजे मघाशी सांगितलेल्या एक तृतीयांशाच्या सरासरीने. काम संपत आले असताना, फेब्रुवारी १९७८ मध्ये, एक वादळ आले. नंतरच्या अंदाजांनुसार त्यातल्या लाटा त्या अकरा मीटरपेक्षा कमीच होत्या. पण आवर्तकाल लांब होता आणि मोठ्या लाटा गटागटाने येत होत्या. हजारो डोलोस तुटून, घसरून गेले आणि वरची काँक्रीटची भिंत उघडी पडून कोसळत गेली. कारणांबद्दल पुढे पुष्कळ वाद झाला. समुद्रतळाच्या आकारामुळे लाटा एका जागी एकवटल्या असेही म्हटले गेले. एका मुद्द्यावर मात्र फारशी शंका उरली नाही: डोलोस जागेवरून हलले एवढेच झाले नाही, ते मधोमध मोडले.

ते प्रयोगशाळेत का मोडले नव्हते, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यात साऱ्या लाट-अभियांत्रिकीची गोम आहे. लाटांचे प्रयोग छोट्या प्रतिकृतींवर होतात. पाण्याच्या हौदात यंत्राने लाटा उठवायच्या आणि छोट्या बांधावर आदळवायच्या. विल्यम फ्रूड यांच्या नियमानुसार लांबी ३६ पट कमी केली तर वेळ ६ पट कमी करायचा आणि वजन ३६ च्या घनाने, म्हणजे ४६,६५६ पटींनी. ४२ टनांचा डोलोस नऊशे ग्रॅमचा होतो. सहा-सात वर्षांचे पोरही तो उचलेल. गती, उसळी, कलंडणे, हे सगळे या नियमात चोख बसते. पण मजबुती बसत नाही. वस्तू मोठी होते तसे वजन घनाने वाढते आणि ते पेलणाऱ्या कमरेचे क्षेत्रफळ वर्गानेच. म्हणून खऱ्या डोलोसच्या कमरेवर प्रतिकृतीच्या ३६ पट ताण येतो, आणि काँक्रीट मात्र काही ३६ पट बळकट होत नाही. मुंगी स्वतःहून मोठा दाणा नेते आणि हत्ती स्वतःच्या वजनाचा ओंडका पाठीवर घेऊन पळत नाही, त्यातलाच हा प्रकार. मोठी लाट येईल तर मोठा ठोकळा टाका, या सरळ तर्काला सिनेशने दिलेले उत्तर हे: एका मर्यादेपलीकडे ठोकळा जितका मोठा तितका तो ठिसूळ. यानंतर दहा वर्षांनी, १९८८ मध्ये, नेदरलँड्सच्या येन्त्शे फान डर मेअर यांनी शेकडो प्रयोगांतून दगडी बांधांसाठी नवी सूत्रे दिली. त्यांत आवर्तकाल आहे, लाटांची संख्या आहे, बांधातून पाणी किती पाझरते तेही आहे.

आता तर संगणक आहेत, मग हौद आणि प्रतिकृती कशाला, असे कोणी विचारील. पुण्याजवळ खडकवासल्याला, समुद्रापासून सह्याद्रीच्या पलीकडे, केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्थेत देशातल्या बंदरांच्या प्रतिकृतींवर लाटा आपटतात, हे दृश्य अनेकांना गमतीचे वाटते. १९१६ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेकडे बंदरांचे प्रश्न आजही येतात, आणि त्याचे कारण जुनी सवय एवढेच नाही. संगणकावरची प्रचलित प्रारूपे समुद्रातली ऊर्जा आवर्तकालांमध्ये आणि दिशांमध्ये कशी वाटली जाते, हे उत्तम सांगतात. हजार किलोमीटरवरच्या वादळातून रत्नागिरीसमोर काय येईल, हे त्यांच्याइतके दुसरे कशानेच कळत नाही. पण तीच लाट दगडांच्या फटींत शिरून फुटते, पाण्यात हवा कालवली जाते, एक दगड चार बोटे सरकतो आणि पुढच्या लाटेला वेगळी फट मिळते, तिथे गणित अजून चाचपडते. ठोकळे कसे मोडतील हे प्रतिकृती सांगत नाही, फटीत काय घडते हे संगणक नीट सांगत नाही. म्हणून दोन्ही लागतात, आणि त्यावर तिसरी गोष्ट लागते ती समुद्रात तरंगणाऱ्या उपकरणांनी केलेली मोजणी. पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदरासाठी दहा किलोमीटरहून लांब ब्रेकवॉटर आखलेला आहे. एवढ्या लांबीत लाटेची दिशा थोडी चुकीची धरली तरी आतल्या पाण्याचे गणित बदलते.

बंदराच्या आतले पाणी हा तर उंचीच्या पूजकांसाठी खास धडा आहे. मोठ्या लाटा गटाने येतात तेव्हा त्यांच्याबरोबर एक फार लांब, फार बुटकी लाट चालते. तिचा आवर्तकाल अर्ध्या मिनिटापासून काही मिनिटांपर्यंत असतो आणि उंची कित्येकदा वीतभर. डोळ्याला ती दिसत नाही. ब्रेकवॉटर आखूड लाटा अडवतो, ही मात्र वळसा घालून आत शिरते. बंदराचा हौद तिच्या तालावर हिंदकळू लागला, आणि दोरखंडांनी बांधलेल्या जहाजाच्या मागेपुढे होण्याचा स्वाभाविक तालही जुळला, तर वीतभर लाटेने हजारो टनांचे जहाज काही मीटर पुढेमागे होते आणि दोरखंड तुटतात. झोपाळ्याला जोरात ढकलावे लागत नाही, वेळेवर ढकलावे लागते. अशा बंदरात लाट किती उंच, हा प्रश्न विचारणारा माणूस चुकीच्या खिडकीशी उभा आहे.

आपला समुद्र उत्तर समुद्राएवढा क्रूर नाही, मग ड्राउप्नर आणि सिनेशची भीती इथे कशाला, हा आणखी एक आक्षेप. वर्षाचे आठ महिने कोकणचा समुद्र सौम्य असतो हे खरेच. पण ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि पुढच्याच मे महिन्यात ‘तौक्ते’ मुंबईसमोरून गेले. त्या वेळी पी-३०५ हा तराफा तेलक्षेत्राजवळ बुडाला आणि अनेक कामगार दगावले. बांधकामाला सामोरे जावे लागते ते त्याच्या आयुष्यातल्या सर्वांत वाईट काही तासांना, नेहमीच्या समुद्राला नव्हे. इथे आणखी एक गैरसमज आडवा येतो. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या लाटेसाठी बांधले, असे म्हटले की शंभर वर्षे निश्चिंती असे वाटते. त्याचा खरा अर्थ एवढाच की कोणत्याही एका वर्षी ती लाट येण्याची शक्यता एक टक्का. पन्नास वर्षे टिकवायच्या बांधकामाला ती भेटण्याची शक्यता मग जवळपास चाळीस टक्के होते. हा जुगार झाला असे कोणी म्हणेल. जुगारच आहे, पण डाव जाणून खेळलेला. जिथे बांध मोडला तर फक्त दगड पुन्हा रचावे लागतात, तिथे कमी संरक्षण चालते, जिथे माणसे आहेत तिथे चालत नाही. ब्रेकवॉटरचे बाहेरचे दगड थोडे हलणार हे गृहीत धरूनच तो बांधतात, आणि पावसाळ्यानंतर ते पाहून घ्यावे लागतात. आपल्याकडे बांधायला पैसा मिळतो, पाहायला मिळत नाही, ही तक्रार मात्र लाटांच्या शास्त्राच्या कक्षेबाहेरची आहे.

दिशेचा विषय थोडक्यात सांगून पुढे जाऊ. तिरप्या येणाऱ्या लाटा वाळू किनाऱ्याला समांतर ढकलत नेतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मद्रासला समुद्रात बंदर उभे राहिले, तेव्हा दक्षिणेकडून उत्तरेला जाणारी वाळू त्याच्या अलीकडे अडली आणि मरीना किनारा रुंद होत गेला. पलीकडच्या रोयापुरमच्या बाजूची जमीन मात्र समुद्र खात राहिला. कोकणातल्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांबद्दल बोलतानाही भिंत किती उंच हवी यावरच चर्चा अडते. उभी, गुळगुळीत भिंत लाटेची ऊर्जा जिरवत नाही, परत फेकते. भिंतीपाशी येणारी आणि परतणारी लाट मिळून पाणी जवळपास दुप्पट उसळते आणि पायथ्याची वाळू खरवडली जाते. रुंद पुळण हाच काम न सांगता करणारा बंधारा आहे.

वर्तमानपत्रातल्या त्या साडेचार मीटरला मात्र न्याय द्यायला हवा. तो लाटेचा आकडा नसला तरी लाटेशी त्याचे नाते आहे. उथळ पाण्यात लाट साधारणपणे खोलीच्या पाऊणपटीहून थोडी अधिक उंच झाली की फुटते. भिंतीच्या पायथ्याशी एरवी एक मीटर पाणी असेल तर तिथवर पाऊण मीटरचीच लाट जिवंत पोचेल, बाकी सगळ्या आधीच फुटून गेलेल्या असतात. भरतीने तेच पाणी तीन मीटर केले की सव्वादोन मीटरहून उंच लाट थेट भिंतीवर येते. उंची तिप्पट, ऊर्जा नऊपट. म्हणजे भरतीचा आकडा हे दार किती उघडले याचे माप आहे. त्या दारातून कोण आत येणार, हे दुसरीकडून कळते. हैदराबादची ‘इन्कॉईस’ ही संस्था किनाऱ्यांसाठी लाटांचे इशारे देते आणि दुरून येणाऱ्या लाटांच्या इशाऱ्यात उंचीबरोबर सेकंदही दिलेले असतात. समजा, एका दिवशी उंची दोन मीटर आणि आवर्तकाल सहा सेकंद आहे, दुसऱ्या दिवशी उंची एक मीटर आणि आवर्तकाल सोळा. पहिला दिवस धोक्याचा वाटतो. पण फुटलेली लाट पुळणीवर किती वर चढेल, हे उंची आणि तरंगलांबी यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावर अवलंबून असते. पहिल्या दिवशी लांबी ५६ मीटर, दुसऱ्या दिवशी जवळपास ४००. वीस मीटरला एक मीटर चढणाऱ्या पुळणीवर पहिली लाट स्थिर पातळीपेक्षा अर्धा मीटर वर जाते आणि दुसरी पूर्ण एक मीटर. उतारावरून मोजले तर वीस मीटर आत. मच्छीमाराने होडी ओढून ठेवलेली असते ती बहुधा दहा आणि वीस मीटरच्या मधेच कुठेतरी.